पाचाला सहा आणि डावी पाकळी

टेबलावरून उठताना डीलरने दोन्ही हात पुढे करायचे. तळवे वर, मग खाली, मग एकदा हलकी टाळी. छतातल्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की बाईच्या हाताला एकही चिप चिकटलेली नाही. वीस वर्षं मी हे करते आहे. सवय इतकी मुरली की घरी भाकरीचं पीठ मळून उठले तरी हात आपोआप पुढे होतात. बाबांनी एकदा विचारलं होतं, "कोणाक दाखयतंस गो?" मी म्हटलं, "तुकाच." ते हसले नाहीत, मीही नाही.

पणजीला नदीत उभ्या असलेल्या बोटीवरच्या एका कॅसिनोत मी ब्लॅकजॅकचे पत्ते वाटते. आमचं गाव पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्याखाली, वर सड्यावर विमानतळ. सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराकडून पावाचे उंडे घ्यायचे, बाबांची पेज झाकून ठेवायची, स्कूटरने धारगळला यायचं, ओळखीच्या दुकानामागे ती लावायची आणि हायवेवर पणजीची बस धरायची. मी कायम दिवसपाळीत असते, मुद्दाम मागून घेतलेली. कॅसिनोत काम करणारी बाई काळोख पडायच्या आत घरी आली तरी लोक बोलतातच, पण जरा कमी बोलतात. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, घरी मी आणि बाबा. आई सात वर्षांपूर्वी गेली. माझ्या तोंडाला जरा धार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण एका प्रश्नात आहे. माझं लग्न बाबांनी मोडलं की देवाने, हे मला जाणून घ्यायचं होतं. अठरा वर्षं तो प्रश्न मला पडला नव्हता. तो पडला कॅसिनोतलं एक कापड बदललं म्हणून, आणि ते कसं ते समजायला आधी थोडा खेळ समजून घ्यावा लागेल. फार नाही.

एकवीसच्या जवळ जायचं, पुढे जायचं नाही. खेळणाऱ्याने आधी पत्ते मागायचे. तो बावीसवर गेला की मेला, त्याची चिप मी लगेच ओढून घेते. मग माझी पाळी. आता मीही बावीसवर गेले तर? काही नाही. तो मेला तो मेलाच. दोघेही बुडालो तरी पैसे माझ्या बाजूला. सगळी गोम एवढीच आहे, बाकी झुंबरं आणि फुकटचं सरबत. माणसं वर्षानुवर्षं खेळतात आणि त्यांच्या हे लक्षात येत नाही की आधी मरायची पाळी आपली आहे.

पूर्वी याला थोडा उतारा होता. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं की त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, आणि त्याला दीडपट मिळायचे. शंभराला दीडशे. डोकं शाबूत ठेवून खेळणारा माणूस त्यामुळे हरला तरी हळूहळू हरायचा, दोन तास बसून, गप्पा मारून. मग एका सोमवारी आम्ही कामावर आलो तर टेबलावर नवं कापड. हिरव्याचं निळं झालेलं, आणि मधल्या कमानीवर अक्षरं बदललेली. दोनाला तीन गेलं, पाचाला सहा आलं. म्हणजे शंभराला एकशेवीस. गंमत अशी की सहा हा आकडा तीनापेक्षा मोठा, म्हणून बऱ्याच लोकांना वाटलं काहीतरी वाढवून दिलंय. एका नवऱ्या मुलाने तर बायकोला टाळी दिली.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी आणखी झाल्या. आधी डीलरने सतरा झाले की थांबायचं असा नियम होता. आता त्या सतरात एक्का असेल तर थांबायचं नाही, आणखी एक पान ओढायचं. ऐकायला वाटतं की डीलर बिचारा धोका पत्करतोय. तसं नाही, तो एक्का एकाचाही होतो, अकराचाही, त्यामुळे डीलरचं बिघडण्यापेक्षा सुधारतंच जास्त. आणि पत्ते पिसायला एक यंत्र आलं. खेळलेली पानं लगेच त्याच्या पोटात जातात आणि पुन्हा बाहेर येतात. कुठली पानं गेली, कुठली उरली, हे लक्षात ठेवणाऱ्या दोन-चार हुशार लोकांचं दुकान बंद. नव्या मुलांना शिकवायचं काम आता माझ्याकडे असतं. मुंबईहून आलेले आमचे मोठे साहेब त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात की पत्त्यांना हात लावायची आपल्याला कधीच गरज नसते, आणि हे ते अभिमानाने सांगतात. खरंच आहे ते. वीस वर्षांत मी एक पान खोटं वाटलेलं नाही.

मी स्वतः कधी खेळलेही नाही. गोव्याच्या माणसाला आता आत खेळायला मनाई आहे. वाटायला नाही.

दिवसपाळीला गिऱ्हाईक कमी. हनिमूनवाले, पावसामुळे समुद्रावर जाता न आलेले, आणि काही असे ज्यांना दुपार कुठे घालवायची कळत नाही. त्यांतले एक बेळगावचे गृहस्थ होते. लेथचं वर्कशॉप मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, बायको गेलेली. महिन्यातून एकदा बसने यायचे, ठरवलेली रक्कम घेऊन, आणि माझ्याच टेबलावर बसायचे कारण मी मराठी बोलते. खेळ शिस्तीत. हरले तर जेवून जायचे, जिंकले तरी जेवून जायचे. मला ते आवडायचे, कारण ते माझ्या नशिबावर काही बोलायचे नाहीत. बाकीचे बोलतात. डीलरचा हात चांगला नाही, डीलर बदला, ही मॅडम पनवती आहे. हे तोंडावर ऐकायची मला सवय आहे.

नव्या कापडानंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा तिसऱ्याच डावाला त्यांना ब्लॅकजॅक लागला. एक्का आणि राजा. मी चिप्स पुढे सरकवल्या. त्यांनी बोटाने बाजूला केल्या, पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, तीस कमी पडले की."

मी कापडावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. आम्हाला एवढंच करायची परवानगी आहे, समजावून सांगायची नाही.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ वाचलं. "कधीपासून हे?"

"गेल्या सोमवारपासून, सर."

"पत्ते तेच, टेबल तेच, तुम्ही पण त्याच," ते म्हणाले. रागावले नव्हते. यंत्रात काय बिघडलंय हे बघताना कारागीर बोलतो तसं बोलत होते. "म्हणजे आम्ही यायच्या आधीच कोणीतरी बसून ठरवलंय की. मग आम्ही आमच्या नशिबाला शिव्या घालतोय."

त्यांनी चिप्स गोळा केल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि जेवायलाही थांबले नाहीत. त्यानंतर ते आले नाहीत. महिन्यातल्या त्या एका दुपारीही आता मराठी बोलायला कोणी उरलं नाही. ही काही रडायची गोष्ट नाही, पण मला ती लागली.

त्या दिवशी बसमध्ये त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही यायच्या आधीच कोणीतरी बसून ठरवलंय. म्हापसा गेलं, कोलवाळचा पूल गेला, आणि पुलावर मला एकदम बाबांचा अंगठा आठवला.

बाबा गुरव. आमच्या गावच्या देवळात पूजेची पाळी आमच्या घराण्याकडे, आणि प्रसाद लावायचं काम बाबांचं. बाहेरच्यांना सांगायला हवं, प्रसाद म्हणजे इथे खायचा नव्हे. लग्न ठरवायचं, घर बांधायचं, जमिनीचं काही, माणूस देवाला विचारतो. गुरव पिटकोळीच्या तांबड्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर लावतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग शेवटच्या पाकळीवर अंगठा धरूनच गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घालतो, ज्याचं काम त्याचं नाव घेऊन, आणि अंगठा काढतो. सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नाही. झालं. त्यावर अपील नसतं. आमच्या भागात शिकलेली, परदेशी बोटींवर नोकऱ्या करणारी माणसंही मुलीचं लग्न प्रसाद घेतल्याशिवाय पक्कं करत नाहीत.

मी सव्वीस वर्षांची असताना मयेहून स्थळ आलं. मुलगा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर कामाला होता. बघायला आला तो मोटरसायकलवरून, हेल्मेटने केसांची पार रया गेलेली. माझं काम ऐकून त्याची मावशी चुळबुळ करायला लागली. तो म्हणाला, "कॅसिनो तर कॅसिनो. माका पत्ते पिसूंक शिकय म्हणजे जालें." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि मला हसू आवरेना. नंतर आम्ही दोनदा भेटलो. एकदा मयेच्या तळ्यावर बसून त्याने मला काजूची भाजी खायला घातली, डब्यातून, आईने केलेली. तळ्यात पर्यटकांच्या पायडलच्या होड्या होत्या आणि त्याला त्यातल्या प्रत्येक होडीत काय बिघाड आहे ते नुसत्या आवाजावरून कळत होतं. तो मला आवडला होता. स्पष्टच लिहिते. त्याच्यानंतर मला कोणी तसं आवडलं नाही.

प्रसाद बाबांनीच लावला. पाळी त्यांचीच होती. मी खांबामागे उभी होते, आत्या माझा हात धरून. बाबांनी माझं नाव घेतलं, त्याचं नाव घेतलं, मयेचं नाव घेतलं, आणि बोट काढलं. डावी पाकळी पडली. वाट बघावीच लागली नाही. आत्याने माझा हात दाबला आणि सोडला. बाबा गाभाऱ्यातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांचीच दया आली. मयेला निरोप गेला. त्या मुलाने मला फोन केला नाही, आणि मीही केला नाही. देवाने नाही म्हटल्यावर काय बोलणार.

पुढे आणखी दोन स्थळं आली. बाबांनी प्रसादापर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही. "नको, देवाच्या मनात नाय," एवढंच. आणि प्रसाद लावायचं काम त्यांनी कायमचं चुलतभावाला दिलं. कंबर दुखते, वाकवत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, सांधे सुजून हात वाकडे झालेले. तिची औषधं, घरचं सगळं माझ्या पगारावर. आणि मी त्या वेळी कोणाला काही विचारलं नाही.

कोलवाळच्या पुलावर मी विचारलं. मनातल्या मनात, पण विचारलं. देव तोच, फूल तेच, गुरव तोच. पण कुठल्या पाकळीला पाणी किती लावायचं ते कोणाच्या हातात होतं? मी गेले असते तर घर कोणी चालवलं असतं? गावात जुनी कुजबुज होतीच की अमक्याच्या जमिनीच्या वेळी गुरवाच्या अंगठ्याने देवाला मदत केली. लहानपणी असं कोणी बोललं की मी भांडायला उठत असे. आता मला दिसत होतं, पत्त्याला हात लावायची गरजच नसते.

त्यानंतरचे सहा महिने मी आठवू इच्छित नाही, पण तेच तर सांगायचे आहेत. मी बाबांशी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना जेवायला वाढायचे, कपडे धुवायचे, डोळ्यांत औषध घालायचे, आणि लागेल तेवढंच बोलायचे. त्यांनी विचारलं, "काय जालां?" मी म्हणायचे, "काय नाय." ते जेवताना मी त्यांच्या अंगठ्याकडे बघायचे. जाड, नखाजवळ चिरलेला, ऐंशीला टेकलेल्या माणसाचा अंगठा, पेजेच्या ताटलीच्या काठावर. घरात दोन माणसं, आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाजच काय तो संवाद. एका शनिवारी म्हापशाच्या बाजारात तो मयेचा मुलगा दिसला. आता मुलगा कसला, टक्कल पडलं होतं. बायको मिरच्या निवडत होती आणि त्याची मुलगी त्याच्या पाठीवर रेलून मोबाईल बघत होती. त्याने मला पाहिलं नाही. मी सुक्या मासळीच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि मला काय घ्यायचं होतं तेच विसरले. घरी येऊन बाबांना नुसता भात वाढला. त्यांनी तो मुकाट खाल्ला.

शेवटी एका सुट्टीच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी काय केलं ते सांगते. न्हाणीच्या मागे आईचा पाटा पडून होता. मी तो घासून स्वच्छ केला आणि भिंतीला टेकवून उभा केला, गुळगुळीत बाजू पुढे. परसातल्या पिटकोळीचे घोस तोडले, तांब्यात पाणी घेतलं आणि पाकळ्या लावायला बसले. नव्या डीलरला आम्ही एकेक हात शंभरदा करायला लावतो, तसं. उजवीला थोडं पाणी, डावीला थोडं जास्त. मग उलट. कमी पाण्याची पाकळी लवकर सुकते आणि आधी पडते, असा माझा अंदाज होता, आणि चारांतल्या तीन वेळा तो बरोबर आला. म्हणजे बाबांनी डावी कोरडी लावली असेल तर काम सोपं होतं. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. पाणी फारच जास्त झालं, थेंब ओघळेल इतकं, की पाकळी चिकटतच नाही. बोट काढताक्षणी सटकते. हे मी दोनदा-तीनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण मी शोधत होते ते हे नव्हतं.

काठीचा आवाज आला. बाबा मागच्या दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"काय करतंस गो?"

"प्रसाद लावतंय."

"कोणाचो?"

"मयेच्या झिलाचो," मी म्हटलं. मला ते असंच म्हणायचं होतं, टोचेल असं. आमच्याकडे मुलग्याला झील म्हणतात, आणि त्या झिलाचं नाव आमच्या घरात अठरा वर्षांत कोणी काढलं नव्हतं.

बाबा पायरीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागतो. मी उठून हात दिला नाही.

"बाबा, तेव्हा पाणी खंयच्या पाकळेक जास्त लावलंस? खरां सांग. आता माका राग येवचो नाय."

राग यायचा होता, भरपूर यायचा होता. मी सहा महिने साठवून ठेवला होता.

त्यांनी काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "डाव्येक."

मला कळेचना. माझ्या हिशोबात उत्तर उलटं होतं. जास्त पाणी म्हणजे पाकळी टिकणार. डावी टिकली तर उजवी आधी पडणार.

"डाव्येक? जास्त?"

"ती रवाक व्हयी म्हणान," बाबा म्हणाले. "उजवी आधी पडतली म्हणान. तुका तो झील आवडललो. माका दिसत होतां मगो. तुज्या आवशीन माका सांगलेल्यान, आमचां काय ता होतला, पोरीक अडकवन ठेवू नको. आविष्यात पयल्यांदा हात खोटो केलंय मी. आनी डावीच पडली. बोट काढतासर पडली. देवान माका थंयच धरल्यान."

मी तांब्या बाजूला सारला. ओल्या हाताने तशीच बसून राहिले.

"मागीर दुसऱ्याक प्रसाद कसो लावतलंय?" ते म्हणाले. "देवाक फसवन इचारललां. तेणां ना म्हटल्यान. आनी तुजी ती दोन स्थळां इली, तेव्हा परत इचारूक तोंड खंय होतां माका?"

सहा महिने मी ज्या माणसाशी धड बोलले नव्हते तो पायरीवर बसून हे सांगत होता, आणि त्याच्या आवाजात गाऱ्हाण्यात असतो तसला कंप होता. आई सगळं जाणून होती आणि गेली. गावात कंबरदुखीची गोष्ट करून हा माणूस अठरा वर्षं देवासमोर चोरासारखा उभा राहत होता, माझ्यासाठी. मला त्यांच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट लख्ख दिसत होती. बोट काढताक्षणी पडली.

इथे मला गप्प बसता आलं असतं. कॅसिनोत मी रोज गप्प बसते, तेवढ्याचाच पगार घेते. समोरचा चुकीचं पान मागतो, मी बघते आणि देते. पण हा माझा बाप होता, आणि माझ्या अंगात साठलेलं सगळं कुठेतरी जायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, देवान नाय पाडूक. पाणी जास्त जालां."

"काय?"

मी दाखवलं. एक पाकळी घेतली, पाण्यात बुडवली, नितळू न देता पाट्यावर लावली आणि बोट काढलं. पाकळी घसरून मातीत पडली. दुसरी लावली. तीही पडली. तिसऱ्या वेळी बाबांनी हात पुढे केला, स्वतः पाकळी घेतली, स्वतःच्या अंगठ्याने लावली. पाणी त्यांच्या मनगटापर्यंत ओघळलं होतं. पाकळी पडली.

"भीत होतंय," ते म्हणाले. "भियान पाणी मापी पडलां आसतलां." मापी म्हणजे आमच्याकडे खूप.

"व्हय."

"म्हणजे देव ना म्हणूक नाय?"

"देवाक कोणी इचारूकच नाय, बाबा."

हे बोलले आणि मला कळलं की मी बोलायला नको होतं. ते शिव्या देत नाहीत, रडत नाहीत, त्यामुळे माणसाला कळत नाही कुठे लागलं. ते नुसते त्या पाट्याकडे बघत राहिले. परसात पाणी पडून चिखल झाला होता आणि त्यात तांबड्या पाकळ्याच पाकळ्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा इतक्या जवळ. त्यांच्या अंगाला कापूर आणि तंबाखूचा वास होता.

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा एक डोळा जास्तच स्वच्छ दिसतो. त्यात काहीतरी हललं होतं, जवळजवळ उत्साह म्हणावा असं.

"बाय," ते म्हणाले, "मग आता इचारया. देव ना म्हणूकच नाय मगो. मी लावतंय. सारक्या पाण्यान लावतंय, दोनय बाजवांक. फाल्यां सोमवार आसा."

ते गंमत करत नव्हते. त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. प्रश्न विचारायचा राहून गेला होता, तो आता विचारायचा.

"बाबा," मी म्हटलं, शक्य तितक्या हळू, "गाऱ्हाण्यात नाव कोणाचां घालूचां?"

मग ते विचार करायला लागले. खरंच करायला लागले, पायरीवर बसून, ओठ हलवत, आमच्या वाड्यावरची घरं, मग शेजारच्या गावातली, मग धारगळची, मयेची, एकेक उंबरा आठवत, कुठे कोण बिनलग्नाचा राहिलाय ते. मला उठून आत जायचं होतं, चूल पेटवायची होती, पण मी थांबले. मलाही ऐकायचं होतं. बाबांच्या तोंडातून एकही नाव निघालं नाही.